व्हायरल लोड आटोक्यात आहे, मग मुलाचं कोलेस्टेरॉल कशाला तपासायचं?

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या पालकांना हा प्रश्न हमखास पडतो. मूल रोज न चुकता गोळ्या घेतंय, रिपोर्टमध्ये विषाणू 'सापडला नाही' असं येतंय, शाळा आणि खेळ सुरळीत चालू आहेत. असं असताना डॉक्टर अचानक कमरेचा घेर का मोजतात? उपाशीपोटी रक्त का मागतात? दहा वर्षांच्या पोराचं कोलेस्टेरॉल बघायची वेळ का यावी? काही पालकांना वाटतं, काहीतरी बिघडलंय आणि आपल्यापासून लपवलं जातंय. काहींना ही तपासणी उगाचची वाटते आणि पुढच्या खेपेला ते मुलाला भरल्या पोटानेच घेऊन येतात.

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. तरीही तपासणी गरजेची असते. ती का, हे समजलं तर पालकांची निम्मी भीती जाईल आणि उरलेली काळजी योग्य ठिकाणी लागेल.

ही मुलं इथवर कशी आली

आपल्या शरीराची रोगांशी चाललेली लढाई ज्या पेशी चालवतात, त्यांतल्या सीडी-४ नावाच्या पेशींवर एचआयव्ही हल्ला करतो. मुलांना तो बहुतेक वेळा आईकडून मिळतो: गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावर पिताना. उपचार मिळाले नाहीत तर अशा बाळांपैकी साधारण एक तृतीयांश वर्षाच्या आत दगावतात आणि निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच.

उपचार म्हणजे एआरटी, दोन-तीन औषधं एकत्र, रोज, आयुष्यभर. ही औषधं विषाणूला वाढू देत नाहीत. विषाणू शरीरातून निघून जात नाही, पण रक्तातलं त्याचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतकं खाली येतं की तपासणीत तो सापडत नाही. दक्षिण आफ्रिकेत ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाला लगेच एआरटी सुरू केली, दुसऱ्या गटात त्या वेळच्या नियमाप्रमाणे वाट पाहिली. लगेच औषध मिळालेल्या बाळांमधले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होते. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर बाळांच्या उपचाराची पद्धत बदलली.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात पंधरा वर्षांखालची सुमारे १४ लाख मुलं एचआयव्हीसह जगत होती. त्यातल्या ५७ टक्के मुलांनाच उपचार मिळत होते. मोठ्यांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. या दोन आकड्यांमधलं अंतर मला अस्वस्थ करतं, आणि पुढे जे काही लिहिलंय ते वाचताना हा संदर्भ डोक्यात ठेवावा: या मुलांना सर्वांत मोठा धोका आजही उपचार न मिळण्याचाच आहे.

ज्यांना उपचार मिळाले त्यांच्यासमोर मात्र वेगळा हिशेब आहे. तिशीत निदान झालेला माणूस तीस-चाळीस वर्षं औषध घेईल. जन्मानंतर काही आठवड्यांत औषध सुरू झालेलं मूल ते साठ-सत्तर वर्षं घेणार आहे. शिवाय त्याची हाडं, मेंदू, रक्तवाहिन्या, चरबीच्या पेशी, सगळं अजून घडतंय. मोठ्या माणसात ज्या किरकोळ फरकाकडे दुर्लक्ष केलं तर चालतं, तोच फरक बालपणापासून साचत गेला तर किरकोळ राहत नाही.

चयापचय बिघडतो म्हणजे काय होतं

खाल्लेल्या अन्नाचं शरीर काय करतं, किती जाळतं, किती साठवतं, कुठे साठवतं, या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. त्यातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत: साखर आणि चरबी.

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी साखर आत घेतात. घरातल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागलं तर बाहेरच्याला दाराची बेल पुन्हा पुन्हा, जास्त वेळ दाबावी लागते. पेशींचंही तसंच होतं. इन्शुलिनचा इशारा त्यांना नीट पोहोचेनासा झाला की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून काम भागवतं. याला इन्शुलिन रोध म्हणतात. या टप्प्यावर रक्तातली साखर अगदी नॉर्मल दिसते, कारण दार शेवटी उघडतंच. मधुमेह दिसतो तो फार पुढे, बेल दाबणारा थकल्यावर.

चरबीचा कारभार बिघडला की दोन प्रकारच्या खुणा दिसतात. रक्तात ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल वाढतं, 'चांगलं' एचडीएल कमी होतं. आणि शरीरात चरबी भलत्या ठिकाणी जाते: पोटात, मानेच्या मागे, यकृतात. हातापायांवर आणि गालांवर जी असायला हवी ती कधी कधी वितळून जाते. चरबीच्या या अदलाबदलीला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात.

यातलं बरंचसं एकत्र आलं की मोठ्यांमध्ये त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मुलांमध्ये मात्र हे नाव जपून वापरायचं असतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या निकषांनुसार दहा वर्षांखालच्या मुलाला हे निदान द्यायचंच नाही, फक्त लक्ष ठेवायचं. मला हे शहाणपणाचं वाटतं. आठ वर्षांच्या मुलाच्या कपाळी आणखी एक आजार लिहून कुणाचंच भलं होत नाही.

विषाणू दबलेला असताना त्रास कशाचा?

अनेकांना वाटतं की हा सगळा औषधांचाच प्रताप. पण एआरटी येण्याच्या आधीही, एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त आढळत होते. म्हणजे विषाणूचा स्वतःचा वाटा आहे.

संसर्गानंतर एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्याच्या भिंतीतल्या सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणात मारतो. ही भिंत आतड्यातल्या जिवाणूंना आतच ठेवण्याचं काम करते. ती कमकुवत झाली की जिवाणूंचे बारीक अंश रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारशक्ती सतत सावध, थोड्या चिडलेल्या अवस्थेत राहते. या धुमसत्या अवस्थेला वैद्यकीय भाषेत दीर्घकालीन दाह म्हणतात. ताप येत नाही, दुखत नाही, मुलाला काही जाणवतही नाही. पण दाहातून सुटणारी रसायनं इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतात. एआरटीने हा दाह पुष्कळ कमी होतो, लवकर सुरू केली तर आणखी कमी होतो, पण तो पूर्ण विझतोच असं नाही.

त्यात बालपणाची भर पडते. यातली बरीच मुलं कमी वजनाची जन्मलेली, पहिली काही वर्षं वारंवार आजारी पडलेली, उंचीत मागे राहिलेली असतात. सुरुवातीला उपासमार झालेलं शरीर काटकसरीने वागायला शिकतं आणि पुढे अन्न पुरेसं मिळालं की चरबी भराभर साठवतं, तीही पोटाकडे. हे एचआयव्ही नसलेल्या मुलांतही दिसतं. इथे ते बाकीच्या कारणांवर येऊन बसतं. आणि वयात येताना इन्शुलिनचा परिणाम सगळ्याच मुलांमध्ये नैसर्गिकपणे थोडा मंदावतो, त्यामुळे दहा ते सोळा हे वय जास्त जपायचं.

औषधांचा वाटा, आणि त्यांचा इतिहास

'एआरटीमुळे कोलेस्टेरॉल वाढतं' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या औषधामुळे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

स्टॅव्हुडिन हे एके काळी खूप वापरलं गेलेलं औषध. स्वस्त आणि विषाणूवर परिणामकारक. पण ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागाला, इजा करत होतं. चरबीच्या पेशी मरत, गाल खपाटीला जात, हातापायांवर शिरा वर येऊन दिसत. पोट तेवढं पुढे. वर्गातली मुलं त्यावरून चिडवत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. औषध बदलल्यावर ऱ्हास थांबतो, पण गेलेली चरबी हळूहळू येते आणि पूर्ण भरून येईलच असं नाही.

दुसरं नाव लोपिनाविर-रिटोनाविर. हे प्रोटीएज रोधक, म्हणजे विषाणूला वाढायला लागणारं एक विकर (एन्झाइम) अडवणाऱ्या गटातलं औषध. आईकडून बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून दोघांनाही नेव्हिरॅपिन हे एचआयव्हीचं औषध दिलं जायचं, त्यामुळे बाळातला विषाणू अनेकदा त्याला आधीच सरावलेला असे, म्हणजे ते त्याच्यावर चालत नसे. म्हणून २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी लोपिनाविरची शिफारस केली. ते बाळांसाठी सिरपच्या रूपात मिळायचं: कमालीचं कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि थंड जागी ठेवायची अट. बाळाचं नाक धरून, अर्धं बाहेर थुंकलेलं पुन्हा भरवून, दिवसातून दोनदा हे औषध ज्यांनी वर्षानुवर्षं पाजलं, त्या आयांबद्दल, आज्यांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. त्या सिरपने असंख्य जीव वाचवले. त्याने ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉल वाढतं, हेही खरं.

इफाविरेन्झ या एचआयव्हीच्या आणखी एका औषधानेही रक्तातली चरबी काहीशी वाढते. टेनोफोविर या औषधाचं जुनं रूप (टीडीएफ) उलट कोलेस्टेरॉल थोडं कमी करतं, पण हाडांची घनता आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला लावतं. त्याचंच नवं रूप (टीएएफ) हाडांना आणि मूत्रपिंडाला सौम्य, पण त्याबरोबर वजन आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. सगळ्याच बाबतीत निर्धोक असं एकही औषध यात नाही, आणि डॉक्टर मुलासाठी औषध निवडताना ही तोलामापी करत असतात.

आज पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या शरीराने यातली दोन-तीन औषधं तरी पाहिलेली असतात. आत्ता कुठली गोळी चालू आहे, एवढं सांगून त्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

"मग गोळ्या बंदच केल्या तर?"

नको. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

२००६ मध्ये 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३३ देशांतले साडेपाच हजारांच्या आसपास प्रौढ रुग्ण होते. औषधांचे दुष्परिणाम टाळता येतील या आशेने एका गटाची औषधं सीडी-४ चांगले असताना थांबवली, कमी झाल्यावर पुन्हा सुरू केली. झालं भलतंच. औषध थांबवलेल्या गटात मृत्यू जास्त झालेच, शिवाय हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे गंभीर आजारही जास्त झाले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणजे हृदय वाचवायला गोळी थांबवली आणि हृदयालाच जास्त त्रास झाला, कारण मोकाट विषाणू आणि त्याचा दाह हे औषधापेक्षा कितीतरी घातक आहेत.

कोलेस्टेरॉल वाढलं तर औषध बदलता येतं. ते डॉक्टरांनी, आधीची औषधं आणि विषाणू कशाला सरावलाय ते बघून ठरवायचं. घरी ठरवून एक दिवसाआड गोळी देणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्यात विषाणू औषधाला सरावतो आणि पुढचे मार्ग बंद होतात.

"पण माझं मूल तर बारीक आहे"

बारीक आहे म्हणून धोका नाही, हा समज इथे चालत नाही. चरबी एकूण किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. हातपाय काडीसारखे आणि पोटात चरबी असलेल्या मुलाचं वजन आणि बीएमआय दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. म्हणून टेप लागते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा, हा एक सोपा अंदाज. १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा घेर ६५ च्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळसर, मखमलीसारखी जाडसर झाली असेल तर ती मळ म्हणून घासू नये. घासून जात नाही, मुलाला फक्त आग होते. इन्शुलिन जास्त वाढल्याची ती खूण असू शकते.

याच्या उलटही घडतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. या आजारात बारीक होणं म्हणजे धोका, हे घरातल्यांच्या मनावर फार खोल कोरलेलं असतं. एखाद्याला त्यांनी तसं जाताना पाहिलेलं असतं. त्यामुळे मूल गुटगुटीत होऊ लागलं की घराला हायसं वाटतं. कुपोषणातून बाहेर काढण्यासाठी सुरू केलेला जादा खुराक मूल सावरल्यावरही तीन-चार वर्षं तसाच चालू राहतो. पालकांना यात दोष देऊ नये. कधी थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रिपोर्ट वाचताना होणारी गफलत

समजा नऊ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट हातात आला. ट्रायग्लिसराइड्स १३५, एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल ४२, उपाशीपोटी साखर ९२. शेजारच्या रकान्यात लॅबने छापलेल्या मर्यादा: ट्रायग्लिसराइड्स १५० पर्यंत, कोलेस्टेरॉल २०० पर्यंत. कुठेही तारांकित खूण नाही. सगळं नॉर्मल, असं म्हणून कागद फाइलमध्ये जातो.

पण या मर्यादा बहुतेक वेळा मोठ्यांच्या असतात. अमेरिकेत २०११ मध्ये तयार झालेल्या मुलांच्या मार्गदर्शिकेनुसार नऊ वर्षांपर्यंत ट्रायग्लिसराइड्स १०० किंवा वर गेले की ते जास्त मानायचे. दहा ते एकोणीस वयात ही रेघ १३० वर आहे. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत हवं, १७० ते १९९ काठावरचं, २०० पासून जास्त. म्हणजे या मुलीचा पहिला आकडा जास्त आहे आणि दुसरा काठावर. घाबरण्यासारखं काही नाही, पण 'नॉर्मल' म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. शंका आली तर 'या मर्यादा मुलांच्या आहेत का?' असं सरळ विचारावं.

लहान मुलाला आठ-दहा तास उपाशी ठेवणं जमत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावं. या आकड्याला उपाशीपोटाची अट नाही. इथे १८२ वजा ४२, म्हणजे १४०. १२० च्या आत चांगलं, १४५ पासून जास्त. ही मुलगी मध्ये आहे. एकच रिपोर्ट पाहून निर्णय घेत नाहीत. तपासणी पुन्हा करतात, विशेषतः रक्त घेतलं तेव्हा मूल आजारी असेल तर.

साखरेच्या बाबतीत एक खाच आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही तपासणी आता सर्रास होते. एचआयव्हीची काही औषधं लाल रक्तपेशींवर परिणाम करतात, त्यामुळे या रुग्णांत ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. म्हणून डॉक्टर उपाशीपोटीच्या साखरेवर जास्त भिस्त ठेवतात. ती १०० च्या खाली असावी.

"इतक्या लहान वयात घाई कशाला?"

हृदयविकार पन्नाशीत होतो हे खरं, पण त्याची सुरुवात पन्नाशीत होत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावी १९७० च्या दशकापासून मुलांच्या हृदयाचा दीर्घ अभ्यास चालला. अपघातात किंवा इतर कारणांनी दगावलेल्या तरुणांच्या आणि मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा २ ते १५ वयोगटातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीच्या पुसट रेघा आढळल्या. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, लठ्ठपणा असे जितके धोके एकत्र, तितक्या त्या रेघा जास्त. ही मुलं एचआयव्हीची नव्हती. एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा जाड असल्याचं अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे.

मुलांमधल्या हृदयविकाराच्या धोक्याची प्रतवारी करताना त्याच २०११ च्या मार्गदर्शिकेने एचआयव्हीला मध्यम धोक्याच्या आजारांत ठेवलंय. माझ्या मते ही जागा बरोबर आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या बहुतेक मुलांना मधुमेह नाही, तो त्यांच्यात दुर्मीळच आहे. पण काळजी घ्यायची योग्य वेळ रेघा पुसट असतानाच असते.

"आता नव्या गोळ्या आल्यात ना?"

आल्यात, आणि ही खरोखर आनंदाची बातमी आहे. डोल्युटेग्राविर हे औषध आता बहुतेक देशांत मोठ्यांना आणि मुलांना पहिली पसंती म्हणून दिलं जातं. २०२० मध्ये त्याची पाण्यात विरघळणारी मुलांची गोळी मंजूर झाली: चार आठवड्यांच्या, तीन किलोच्या बाळापासून देता येते. चमचाभर पाण्यात विरघळवायची, भरवायची, झालं. ज्यांनी ते कडू सिरप पाजलंय त्यांनाच या गोळीची खरी किंमत कळेल.

आफ्रिका, युरोप आणि थायलंडमधल्या सातशेहून अधिक मुलांवर झालेल्या 'ओडिसी' अभ्यासात या औषधाने जुन्या उपचारांपेक्षा विषाणूवर चांगला ताबा ठेवला. कोलेस्टेरॉल कमी राहिलं. वजन किंचित जास्त वाढलं, पण त्यासोबत उंचीही किंचित जास्त वाढली, म्हणजे मुलं लठ्ठ होत नव्हती. प्रौढांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि टीएएफ सोबत असताना, या औषधावर वजन लक्षणीय वाढल्याचं जोहान्सबर्गमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणून किशोरवयीन मुलींच्या वजनाकडे जास्त लक्ष द्यावं, एवढं सावधपण पुरे.

दुसऱ्या औषधांशी गाठ

हा भाग कोरडा वाटेल, पण घरात याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल.

दम्याच्या पंपात फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड हे स्टिरॉइड असतं. एरवी ते सुरक्षित आहे. पण मूल रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (एआरटीच्या दुसऱ्या औषधाचा असर वाढवायला गोळीत घातलेली औषधं) असलेली गोळी घेत असेल तर हे स्टिरॉइड शरीरातून लवकर बाहेर जात नाही आणि साचत जातं. चेहरा गोल होतो, पोट वाढतं, उंची थांबते, साखर वाढते. सगळे एचआयव्हीच्या औषधाला दोष देत बसतात आणि पंप तसाच चालू राहतो. नाकात मारायच्या स्प्रेचंही तेच. दम्याच्या डॉक्टरला एआरटीचं नाव सांगणं यासाठी गरजेचं आहे. मूल ज्या आजारासाठी गोळ्या घेतं तो कुणाला कळू नये म्हणून अनेक घरं हे लपवतात. किमान औषधाचं नाव लिहिलेला कागद तरी पुढे करावा.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू झालं तर डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून डोस मर्यादित ठेवतात. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन हे औषध रिटोनाविरसोबत अजिबात चालत नाही, त्याच गटातलं (स्टॅटिन) दुसरं औषध निवडावं लागतं. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राविरसोबत दिली तर एआरटीचं औषध नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत दोन्ही एकदम दिलेल्या चालतात, नाहीतर डोल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

खाणं, खेळणं आणि आरसा

वाढत्या मुलाला उपाशी ठेवून किंवा 'डाएट'वर ठेवून काही साधत नाही. साखर घातलेली पेयं बंद करणं, तळलेलं रोजच्या रोज नसणं, भाज्या-फळं-कडधान्यं वाढवणं, आणि हे सगळ्या घराने करणं, एवढंच पुरतं. एकट्या मुलाचं ताट वेगळं केलं तर त्याला ती शिक्षा वाटते. पाच ते सतरा वयात रोज सरासरी तासभर दमछाक होईल असं खेळणं किंवा हालचाल ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस या मुलांनाही लागू आहे. 'आजारी आहे, धावू नकोस' हे बंद व्हायला हवं. व्यायामाने हाडंही मजबूत होतात, आणि टीडीएफ घेणाऱ्या मुलाला त्याची जास्त गरज आहे.

चौदा वर्षांच्या मुलाला ट्रायग्लिसराइड्सचं काही वाटत नाही. त्याला वाटतं ते पोटाचं, गालांचं, मानेवरच्या उंचवट्याचं. कुणीतरी वर्गात बोललेलं असतं. हा बदल गोळीमुळे आहे असं त्याच्या मनाने घेतलं की तो गोळी उशीखाली ठेवू लागतो, घरी कुणाला न सांगता. व्हायरल लोड अचानक वर येतो आणि मग रागावणं सुरू होतं. त्याऐवजी दर भेटीत कुणीतरी त्याला एकट्याने विचारायला हवं: 'तुझ्या अंगात झालेला एखादा बदल तुला आवडत नाही का?' आणि याचं उत्तर मिळायचं असेल तर त्याला स्वतःचा आजार माहीत हवा. शाळकरी वयातच, त्याला समजेल अशा बेताने, टप्प्याटप्प्याने तो सांगावा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कशासाठी रक्त काढतात हेच ज्याला सांगितलेलं नाही, त्याने कमरेची टेप सहकार्याने लावून घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

मोठ्यांच्या दवाखान्यात जाताना

अठराच्या आसपास ही मुलं बालविभागातून मोठ्यांच्या विभागात जातात. तिथे नव्या डॉक्टरच्या समोर एक तरुण बसतो आणि फाइलमध्ये फक्त आत्ताची गोळी आणि शेवटचा व्हायरल लोड असतो. लहानपणी स्टॅव्हुडिन किती वर्षं घेतलं, लोपिनाविरवर ट्रायग्लिसराइड्स किती चढले होते, कमरेचा घेर दरवर्षी कसा बदलला, यातलं काहीच पोहोचत नाही. चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध रोज दिल्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं 'रिप्रीव्ह' अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवलं. पण हा निष्कर्ष चाळिशीनंतरचा आहे, आणि त्या वयात बहुतेकांचं औषध सुरू होऊन झालेली वर्षं या तरुणापेक्षा फार वेगळी नसतात. तो अठराव्या वर्षीच अठरा वर्षांचा जुना रुग्ण आहे.

म्हणून पालकांनी एक साधी वही आत्तापासून ठेवावी. कुठलं औषध कधी सुरू झालं, कधी आणि का बदललं. वर्षातून एकदाची उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, लिपिड (रक्तातली चरबी) आणि साखरेचे आकडे. घरात कुणाला मधुमेह किंवा कमी वयात हृदयविकार आहे का. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की वही त्याच्याच हाताने भरून घ्यावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती त्याच्याच दप्तरात असावी.